चहाची गाळणी

सोपं करून सांगता यायला पाहिजे म्हणता ना, मी एकदा सांगितलंय. एमएस्सी केमिस्ट्रीला असताना 'विज्ञान संवाद आणि समाज' हा ऐच्छिक विषय मी घेतला होता, सोपे मार्क मिळतात म्हणून. काम एकच. आपलं संशोधन एका सामान्य माणसाला समजवायचं आणि त्याच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा. माझं संशोधन खाडीतल्या तिसऱ्यांमध्ये, म्हणजे खायच्या शिंपल्यांमध्ये, सापडणाऱ्या विषारी धातूंवर. म्हणून सीवूड्स स्टेशनहून रिक्षा केली आणि खाडीकाठच्या गावात मासे विकणाऱ्या एका काकींसमोर जाऊन बसले.

"काकी, किडनी म्हणजे चहाची गाळणी समजा. हे धातू साचत गेले की गाळणी तुंबते."

काकी म्हणाल्या, "माझा पोर किडनीनंच गेला. डॉक्टर सांगत व्हता, पन डोक्यात शिरत नव्हतं. आज समजलं."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

मग म्हणाल्या, "आजारी परला तवा ताकद यावी म्हनून मी त्याला रोज तिसऱ्याच घालत व्हते."

मी फॉर्म पर्समध्ये ठेवायला लागले, तर त्यांनीच मागून घेतला. 'माहिती समजली का?' याच्यापुढे 'हो'वर खूण केली.

वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले.