स्थिर खोलीची कडी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, हृदयविभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे संचालक सर, सरांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, धातुशाळेतले, दुर्बिणीकडचे आणि हृदयाकडचे माझे सगळे सहकारी, आणि मागच्या रांगांत बसलेली घरची मंडळी,

मला बोलायला उभं केलंत, ह्याचं मला फार अप्रूप आहे. बोलण्याचं नव्हे, उभं राहण्याचं. हसलात, म्हणजे बहुतेकांना ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी सांगतो.

एक सकाळ मला आज सारखी आठवते आहे. त्या सकाळी मी काहीच केलं नाही. नुसता बसलो.

आपली स्थिर खोली तेव्हा नवी होती. पाहुण्यांना म्हणून सांगतो, स्थिर खोली म्हणजे जिथे हवा कमी-जास्त गरम होऊ द्यायची नाही अशी बंद खोली. आत एक यंत्र आहे. ते धातू आणि काच इतकी गुळगुळीत करतं, की हात लावायची आपल्याला लाज वाटावी. त्या यंत्रावर दोन कामं चालायची. अवकाशातल्या दुर्बिणीचे आरसे, आणि माणसाच्या हृदयात बसवायच्या झडपा. हे दोन्ही एका छपराखाली आणायचं कुणाला सुचलं? सरांना. लोक तेव्हा म्हणाले, ताऱ्यांचा माणूस हृदयाच्या डॉक्टरांकडे कशाला जातो? सर म्हणाले, "खरवडलेल्या जागी प्रकाश विखुरतो आणि खरवडलेल्या जागीच रक्त अडतं. दोघांचं दुखणं एकच आहे, दवाखाना एक काढू." अशा एका वाक्यावर ही संस्था उभी आहे. मी यंत्राचा माणूस. त्या दवाखान्यातला हमाल म्हणा.

तर त्या सकाळी खोलीची हवा जुळवायची होती. ठिकठिकाणी तापमापक लावले होते. सगळे बाहेर काचेपलीकडे उभे. आत यंत्राच्या काट्यावर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं. कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल होतं. सर म्हणाले, "तुम्ही बसा तिथे. अजिबात हलू नका."

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. चार इयत्ता एका खोलीत आणि मास्तर एक. हाताची घडी, तोंडावर बोट, हे आमचं पहिलं शास्त्र. मी असा बसलो, की जुळवणारे लोक मला विसरले. त्यांनी भिंती मोजल्या, काच मोजली, छतातल्या दिव्याची उष्णतासुद्धा वजा केली. बसलेला माणूस वजा करायचा राहिला. चूक कुणाची, हे शोधायला मी आज उभा नाही. आम्ही सगळेच तिथे होतो आणि सगळेच शिकलेले होतो.

पुढे कामं उत्तम होऊ लागली. मी खोलीचा प्रमुख, त्यामुळे प्रत्येक कामाला त्याच स्टुलावर हजर. मग भाचीच्या लग्नाला गेलो, तर मागे आरसा बिघडला. सगळे म्हणाले, योगायोग. नंतर एकदा मला ताप होता आणि तसाच येऊन बसलो. आरसा पुन्हा बिघडला, पण ह्या वेळी उलट्या बाजूनं. आमचे मिस्त्री बाहेरून यंत्र चालवतात. ते म्हणाले, "साहेब, यंत्र तपासलं, काच तपासली. आता एक पूजा घाला."

कोडं सोडवलं ते डॉक्टरबाईंनी. त्या आल्या, काचेतून आत बघत राहिल्या आणि विचारलं, "ह्या खोलीत ताप कुणाला आला होता?" मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, "मग रुग्ण सापडला. ही खोली ह्यांच्यासकट निरोगी आहे."

काय हसलो होतो आम्ही त्या दिवशी. खोली माझ्या अंगाच्या उबेसकट जुळवली गेली होती. मी असलो तर आरसा बरोबर, नसलो तर चूक. त्याच दुपारी कँटीनमध्ये माझं नाव पडलं, शेगडी. आजही नवीन मुलं मला शेगडीसर म्हणतात आणि मग जीभ चावतात. चावू नका. नाव बरोबर आहे.

आपण म्हणाल, माणसाच्या जागी एक दिवा ठेवायचा. ठेवला होता. दिवा एका जागी तापतो. माणूस डोक्याकडून वेगळा, पोटाकडून वेगळा, शिवाय श्वास सोडतो. आरशाला फरक कळला. मग आपल्या दारावरच्या रखवालदारकाकांना बसवलं. ते भले मोठे, आणि त्यांना तिथे झोप लागली. त्यांच्या घोरण्याची लाट त्या काचेवर उमटली असं मिस्त्री शपथेवर सांगतात. ते मी खरं धरत नाही, पण काच वाया गेली हे खरं.

खरा उपाय एकच होता. दार उघडायचं, खोली बाहेरच्या हवेला मोकळी करायची आणि रिकामी ठेवून पहिल्यापासून जुळवायची. त्याला कित्येक महिने लागतात. तेवढा वेळ ना आरसा, ना झडप. आणि झडपेची वाट बघणारी माणसं डॉक्टरबाईंच्या दारात बसलेली. त्यांच्यापुढे माझ्या बसण्याची काय कथा? मी म्हणालो, बसतो. सर म्हणाले, "हे एवढं काम होऊ दे, मग खोली उघडू."

हे वाक्य आमच्यात पुढे फार बोललं गेलं.

मी तक्रार करतो आहे असं समजू नका. सरांनी मला तिथे एकटं बसू दिलं नाही. ते काचेपलीकडे खुर्ची टाकून बसायचे आणि भिंतीतल्या स्पीकरवरून बोलायचे. "काय महाराज, आज मुक्काम कुठे?" मी म्हणायचो, "इथेच, सर." "चला, जरा लांब जाऊन येऊ." मग ते मला गार धुळीच्या ढगात न्यायचे, जिथे तारे जन्मतात. मी किती लांब फिरून आलो असेन ह्याला हिशेब नाही. फक्त तेव्हा मला तहान लागलेली असायची, आणि पाण्यासाठी उठता यायचं नाही, कारण उठलं की हवा हलते.

मी देवाचं नाव घेत बसायचो. पहिली काही वर्षं वाटलं, किती भाग्यवान आहे मी. आसन स्थिर, तोंड बंद आणि पगार चालू. पुढे पुढे एक शंका यायला लागली. हे नाव मी भक्तीनं घेतो आहे, की वेळ सरावा म्हणून? देवाला त्यातला फरक कळत असणार. मला कळेनासा झाला होता.

मुलगी लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात? ती म्हणाली, "बसतात." बाईंनी विचारलं, "कुठल्या पदावर?" म्हणाली, "स्टुलावर." आमच्या घरी हा विनोद अजून चालतो. फक्त तिची आई त्यावर हसायची थांबली. ती म्हणायची, "घरी जेवायला बसा म्हटलं तर येरझाऱ्या घालता. त्या खोलीत असं काय पुरलंय?" मी म्हणायचो, संशोधन आहे. ती म्हणायची, "संशोधन त्यांचं. तुम्ही तिथलं फर्निचर आहात."

मग मागच्या वर्षी माझा पाय सुजला. मी दुर्लक्ष केलं. एक दिवस घराच्या जिन्यात मधल्याच पायरीवर दम लागून बसलो आणि उठता येईना. डॉक्टरबाईंनी तपासलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. तासन्‌तास न हलल्यामुळे. आता हे जरा नीट बघा. दुसऱ्याच्या हृदयात रक्त अडू नये म्हणून मी आयुष्य घालवून झडपा गुळगुळीत करत होतो, आणि त्यापायी माझंच रक्त माझ्या पायात अडलं. मी हे देवाला सांगितलं. तो काही बोलला नाही. डॉक्टरबाई मात्र बोलल्या. त्या मला घेऊन थेट सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, हा माणूस आता तिथे बसायचा नाही. पुढची गुठळी छातीत गेली तर मला काही करता येणार नाही."

सर घाबरले. खरंच घाबरले. त्यांनी मला खुर्ची दिली, पुन्हा बसायलाच. मग म्हणाले, "बाई, कळतंय मला. हा एवढा आरसा होऊ दे."

"मागच्या आरशालाही हेच म्हणालात."

"तो लहान होता, बाई."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी नाही म्हणेन अशी त्यांची अपेक्षा होती. सरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही आहात म्हणून मी आहे." असं कुणी म्हटल्यावर माणूस काय करतो? मी म्हणालो, "होईल, सर. मध्ये मध्ये पायाची बोटं हलवीन." बाई तडक निघून गेल्या. त्या रागावल्या होत्या आणि ते बरोबर होतं.

पण त्यांनी रागावून एक काम केलं. झडपांसाठी वेगळं, लहान यंत्र मिळवलं, ज्याला असली खोलीच लागत नाही. गेल्या काही महिन्यांपासून एकही झडप माझ्या खोलीत येत नाही. म्हणजे माझ्या बसण्यावर कुणाचा जीव अवलंबून राहिला नाही. राहिले ते फक्त तारे.

तो मोठा आरसा मी बसून पूर्ण केला. तो वर गेला. त्यातून आलेलं पहिलं चित्र आपण सगळ्यांनी ह्याच सभागृहात पाहिलं. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते माझ्या कानात म्हणाले, "तुमच्या अंगाची ऊब आहे हो त्यात." मोठेपण म्हणतात ते हेच. असा वरिष्ठ मला मिळाला, ही माझ्यावर देवाची कृपा आहे, आणि हे मी शिष्टाचार म्हणून बोलत नाही. जाच करणारा साहेब असता तर मी कधीच उठून गेलो असतो. प्रेम करणाऱ्याच्या समोरून कसं उठायचं, हे आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

आता थोडं आजचं. मघाशी अध्यक्ष महोदयांनी जाहीर केलं, की सरांना निरोपाची भेट म्हणून सोमवारपासून नवा आरसा सुरू होईल, आजवरच्या सगळ्यांत मोठा, त्याच खोलीत, आणि त्याच स्टुलावर आपले शेगडीसर. टाळ्या फार झाल्या. सरांनी वळून माझ्याकडे हात जोडले. मी मान खाली घातली. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या मंडळींनी टाळी वाजवली नाही, हे मी पाहिलं. अध्यक्ष महोदय, आपल्या घोषणेचा मान मला राखता येणार नाही. आपण बोलायला उभे राहिलात, त्याच्या आधीच एक गोष्ट होऊन गेली होती.

त्या खोलीच्या दाराला कडी आहे ती आतल्या बाजूनं. काम चालू असताना बाहेरून कुणी चुकून दार उघडू नये म्हणून. म्हणजे इतकी वर्षं माझ्यावर दार लावत कोण होतं? मीच. आणि खोली केव्हा बंद ठेवायची, केव्हा नव्यानं जुळवायची, हे ठरवायचा अधिकार कुणाचा? खोलीच्या प्रमुखाचा. तोही मीच. त्या स्टुलावर बसून मी सरांची वाट बघत राहिलो, की ते कधीतरी म्हणतील, उठा. सर, तुम्ही ते म्हणणार नव्हतात. तुमच्या डोळ्यांपुढे नेहमी पुढचा आरसा होता, आणि तो असायलाच हवा होता. तुमचं काम ते होतं. उठायचं काम माझं होतं.

सर, तुम्हीच मला स्पीकरवरून सांगितलं होतं, की तो प्रकाश इकडे यायला निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसही नव्हता. इतकी वाट चालून आलेला पाहुणा आपल्या दारात आणखी काही महिने थांबेल. त्याला घाई नाही, घाई आपल्याला आहे. नवा आरसाही होईल. मोठा होईल, आणि माझ्याशिवाय होईल. खोली रिकामी जुळवून द्यायची जबाबदारी माझी. ते काम मी हिंडत-फिरत करीन.

आपण सगळ्यांनी मला इतकी वर्षं सांभाळलंत. मिस्त्रींनी काचेतून खाणाखुणा करून हसवलं, डॉक्टरबाईंनी रागावून जगवलं, घरच्यांनी फर्निचर म्हणत का होईना, वाट पाहिली. सर, वहिनी, तुम्हा दोघांना निरोगी, निवांत दिवस लाभोत, ही माझी रोजची प्रार्थना राहील, आणि ती वेळ घालवण्यासाठी नसेल. भरल्या सभेत निरोपाच्या दिवशी मी माझंच गाऱ्हाणं मांडलं असं कुणाला वाटलं, तर त्यांनी मला आपला समजून पदरात घ्यावं. अध्यक्ष महोदय, आपला शब्द खाली पडला, त्याचीही क्षमा मागतो.

आज सकाळी मी घरच्या देवापुढे हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी इथे आलो. नव्या आरशाची काच भांडारात पेटीतच आहे, हे पाहून घेतलं. मिस्त्रींना बोलावून हवेचं यंत्र बंद करायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "नक्की ना, साहेब?" मी हो म्हणालो. मग आत जाऊन सवयीनं कडी लावली, ते स्टूल फडक्यानं पुसलं, उचललं, कडी काढली, दार पुरतं उघडलं आणि ते मिटू नये म्हणून स्टूल मधोमध लावून ठेवलं. आता जेवायला जाताना सगळ्यांना त्या खोलीसमोरच्या बोळातूनच जायचं आहे. जरा पायाखाली बघून चला. स्टूल अजून दारातच आहे.