अर्जदार गैरहजर

जय भीम. विहार भरलाय, बाहेर पायऱ्यांवरही माणसं उभी आहेत. बोलायला उभी राहिले खरी, पण मला भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

मी मंगल. विलासदादाची धाकटी बहीण, आणि घाटकोपरच्या गाळ्यात त्याची भागीदार. नळाच्या तोट्यांना निकल चढवायचं आमचं काम. त्यात अ‍ॅसिडचं पाणी निघतं. कितीतरी जण ते सरळ नाल्यात सोडतात. दादा म्हणायचा, "मंगे, नाल्याकाठी आपलीच माणसं राहतात ना?" म्हणून पाणी साफ करायची टाकी त्याने स्वतः बनवली. वेल्डिंगसुद्धा स्वतः केलं.

त्याला मोठा गाळा घ्यायचा होता. वस्तीतल्या बायकांना काम द्यायचं होतं. त्यासाठी पर्यावरणाचा परवाना हवा. तेवढ्यात जाहीर झालं, छोट्या कारखान्यांना परवाना झटपट, एकाच खिडकीवर. दादा पेढे घेऊन आला! खिडकी एकच होती हो. पण तिच्यामागची टेबलं तीच, आणि परवान्यावर सही करणारा साहेबही तोच.

नकाशा दिला, तर म्हणे टाकीचा फोटो आणा. फोटो दिला, तर म्हणे फोटोत काय कळतंय? दादा म्हणाला, "साहेब, एकदा येऊन बघा ना."

"मला तेवढंच काम आहे का? पुढच्या आठवड्यात या."

दोन वर्षं! दोन वर्षांत हा माणूस टाकी बघायला एकदाही आला नाही. आणि नाल्यात अ‍ॅसिड सोडणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला परवाना मिळाला. कसा मिळाला? मी सांगायला हवं का?

या सोमवारी अर्जाची सुनावणी होती. दादा इस्त्रीचा शर्ट घालून बूट बांधायला वाकला, तो उठलाच नाही. वहिनी चहा घेऊन समोर उभी होती.

संध्याकाळी स्मशानातून परतलो, तर त्याच्या फोनवर मेसेज. 'अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली.'

बुधवारी आम्ही तो मेसेज घेऊन ऑफिसात गेलो. तेव्हा कुठे त्यांना दादा गेल्याचं कळलं, म्हणून आज साहेबांनी शिपायाच्या हाती हार पाठवलाय. तो हार मी दादाच्या फोटोला लागू दिला नाही. बाहेर चपलांजवळ ठेवलाय.

कुणी म्हणतं, मंगल, सोडून दे. का सोडू? कुणी म्हणतं, साहेबांची बदली करून घेऊ. बदली नको मला! बदली झाली की तो सुटला. मी वरपर्यंत तक्रार दिली आहे. त्याची चौकशी होईल, आणि तो फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसेल. त्याला कुणीतरी म्हणेल, "पुढच्या आठवड्यात या." ते ऐकायला मी त्याच्या शेजारी बसणार आहे. प्रत्येक आठवड्याला. नवा अर्जही टाकलाय, माझ्या नावाने.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं. तुम्ही दादासाठी शांती मागा. मला ती आज मागता येणार नाही. मी नुसती उभी राहते.