डेस्कटॉपच्या आधीची ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात आठ खुर्च्या होत्या, पाच माणसं होती आणि प्लग लावायची जागा एकच. ती एका नवराबायकोच्या लिनक्स लॅपटॉपने अडवली होती. आपला चार्जर हातात धरून शेजारी ताटकळणाऱ्या मुलीला सगळं ऐकू येत होतं.

“उद्या तुम्ही पंधरा दिवस दौऱ्यावर. मग रोज सकाळी अक्षरं मोठी कोण करून देणार? प्रुफं तपासायला मला दिसायला नको?”

“अगं, लॉगिन केलंस की आपोआप होतील. सुरुवातीच्या फाइलीत तशी ओळ लिहिलीय मी.”

“मग आज का नाही झाली?”

“तेच तर कळत नाहीये.”

“कुठे लिहिलीत?”

“सगळ्यात खाली. आधी डेस्कटॉप सुरू करायची ओळ, मग अक्षरांची.”

“एक ओळ संपली की पुढची चालते ना?”

“हो.”

“आणि डेस्कटॉपची ओळ संपते कधी?”

“तू लॉगआउट केलंस की.”

“म्हणजे मी काम आटोपून उठले, की माझी अक्षरं मोठी होणार!”

“अरेच्चा!”

“वरातीमागून घोडं! हसताय काय? वर घ्या ती ओळ.”

“घेतली बाई. आता लॉगआउट करून पुन्हा लॉगिन कर. मी हात लावत नाही.”

“लावूच नका.”

डेस्कटॉप उघडला. बाईंनी प्रुफाचं पान काढलं आणि लॅपटॉप हातभर लांब सरकवला. पडद्यावर आता नऊच ओळी मावत होत्या. नऊही त्यांनी न अडखळता मोठ्याने वाचल्या.