पस्तीसची गोणी, सत्तरची गोणी

पोरगा : "दुपारी कुठं जाणार मी, गेटवरच्या खुर्चीत डुलकी काढतो." हे तुमचेच शब्द ना, बाबा? परवा जेवताना, इथंच बसून, तोंडात घास असताना बोललात.

बाबा : मग? काढतो म्हणजे काढतो.

पोरगा : काल खुर्चीत तुमचा डबा डुलक्या काढत होता. तुम्ही नव्हतात.

(दुपारचे दोन वाजून गेलेत. दोन खोल्यांचं घर. बाबा पोहण्याच्या तलावावर कामाला. आई दारापाशी इस्त्री करतेय. पोरग्याच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही.)

बाबा : तू तलावावर कशाला कडमडलास?

पोरगा : कडमडलो नाही. तुमच्या मागं मागं आलो. दुकानात सांगितलं, पोट बिघडलंय. मोबाइलला काचा चिकटवायचं सोडून स्वतःच्या बापाचा पाठलाग करायची वेळ आली माझ्यावर. तीन गल्ल्या सोडून पिवळी इमारत, दुसरा मजला. एक बाई दाराची साखळी काढते, तुम्ही चपला हातात घेऊन आत. दार बंद. दीड तास.

आई : दीड तास?

बाबा : अगं, तू इस्त्री कर.

आई : करतेच आहे. तुमचाच शर्ट आहे.

पोरगा : जिन्याच्या खिडकीतून बघितलं मी. आत निळा जाळ. काहीतरी उकळत होतं. बाहेर आलात तेव्हा अंगाला आंबट वास.

आई : वास मला महिनाभर येतोय. व्हिनेगरचा आहे. मी म्हटलं, विचारायचं कशाला, एक दिवस आपणच बोलतील.

बाबा : हे बघा, आज मला चारला चौकशीला जायचंय. आजच्या दिवस तरी डोकं खाऊ नका.

पोरगा : मग ही वही कसली? चपलांच्या मांडणीमागं, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. चांगली वही असं लपून बसते का?

बाबा : ठेव खाली.

पोरगा : आई, ऐक. दर पानावर इंग्रजीत 'सीएल'. वर सीएल, खाली सीएल. एका ठिकाणी सीएलच्या पायाशी बारीक दोनचा आकडा. कोण ही सीएल?

आई : दोन आहेत?

बाबा : क्लोरीन आहे ते! क्लोरीन!

आई : ओरडू नका. नाव कळलं.

बाबा : अगं माणसाचं नाव नाही ते! तलावात पावडर टाकतो ना मी, तिच्यात असतं. त्यानंच पाण्यातले जंतू मरतात. सोळा वर्षं टाकली, आणि मला माहीत नव्हतं आपण काय टाकतो ते.

पोरगा : एक मिनिट. म्हणजे तुम्ही रसायनशास्त्र शिकताय? तुम्ही?

बाबा : का? माझ्या कपाळावर लिहिलंय का, याला शिकवू नये?

पोरगा : मी शाळा सोडली तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, जाऊ दे, गणित आपल्या रक्तातच नाही. सातवीत अकरा मार्क पडले होते म्हणून छाती फुगवून सांगता.

आई : किराणा आणताना चार वस्तूंची बेरीज बोटांवर करतात. बोटं संपली की माझी घेतात.

बाबा : हसा. टक्का म्हटलं की अजून बोटं शोधतो मी. म्हणून तर लपवली वही. त्या बाई शाळेच्या प्रयोगशाळेत होत्या. एकाहत्तर वय आहे त्यांचं, गुडघा धरून चालतात. लाज वाटू दे जरा.

पोरगा : आणि फुकट शिकवतात? फुकट तर आजकाल कुणी पत्ता सांगत नाही.

बाबा : त्यांना माझाच संशय. पहिले दोन दिवस साखळी लावूनच बोलल्या. 'पन्नाशीतल्या माणसाला रसायन कशाला हवंय? नक्की काय बनवायचंय तुम्हाला?' तिसऱ्या दिवशी त्यांचा गळका नळ नीट करून दिला, तेव्हा साखळी निघाली.

आई : आपल्या मोरीचा नळ वर्षभर गळतोय.

पोरगा : आई, थांब गं. बाबा, कशासाठी पण? खरं सांगा. कुणी एवढा वैताग उगाच घेत नाही.

बाबा : आजच्या चारसाठी.

पोरगा : चौकशीसाठी? त्यात काय शिकायचंय? मॅनेजरनं सांगितलं ना सगळीकडे, याचा अंदाज चुकला, हात सैल सुटला.

बाबा : आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग घरी येऊन झोप लागेना. अरे, सोळा वर्षं रोज पहाटे चार मग. त्याच मगानं, ज्याचा कान तुटलाय. बादलीत कालवायची, टाकीत सोडायची. कधी कुणाचा डोळा लाल झाला नाही. आणि त्या दिवशी अर्ध्या तासात माणसं खोकत बाहेर. पाणकोंबडी मावशी तर काठावरच बसली, श्वासच घेता येईना.

आई : कशी आहे आता?

बाबा : दवाखान्यातून घरी आणलंय. तीन पायऱ्या चढली की थांबते म्हणे. रोज पहिली उडी तिची असायची. मला ओरडून विचारायची, 'काय रे, चहा टाकलास का पाण्यात, एवढं गरम कसं?'

पोरगा : वाईट झालं. पण तुम्हाला पाण्याच्या पंपावरून काढून गेटवर पावत्या फाडायला बसवलं, त्याचं काय?

बाबा : आज ठरणार. चूक माझी निघाली तर गेटही गेलं. पण मला गोणीचा संशय होता.

पोरगा : गोणीचा?

बाबा : त्याच आठवड्यात नवा माल आला. तोच रंग, तसाच दोरा. मॅनेजर म्हणतो, पावडर तीच. मग दुसऱ्या दिवशी रिकाम्या गोण्या गेल्या कुठं? सोळा वर्षांत त्या रिकाम्या गोण्यांना कुणी विचारलं नाही. आम्ही त्या पाय पुसायला टाकतो. एका रात्रीत सगळ्या साफ!

पोरगा : लपवल्या. च्यायला! लपवल्याच.

आई : तोंड सांभाळ.

बाबा : एक राहिली. माझ्या खुर्चीखाली अंथरलेली. जुन्या गोणीवर कोपऱ्यात पस्तीस छापलेलं असायचं, हिच्यावर सत्तर. आधी वाटलं, किलो असतील. पण उचलून बघितली होती की मी, वजन तेवढंच. मग ते सत्तर कसले? कुणाला विचारू? मॅनेजरला? गेलो बाईंकडे.

पोरगा : टक्के असणार ते.

बाबा : तुला लगेच कळलं. मला आठ दिवस लागले. बाई सूत्रं मांडायला लागल्या, माझं डोकं गरगरलं. मग त्यांनी शिवणाचा डबा काढला. शंभर बटणं मोजून मगात टाकली. पस्तीस पांढरी, बाकी काळी. म्हणाल्या, पांढरं ते क्लोरीन, काळं ते नुसतं भरताड. ही तुमची जुनी पावडर. मग काळी काढून पांढरी वाढवली. सत्तर केली. मगही तोच, तेवढाच भरलेला. म्हणाल्या, बघा आता. मी बघतच राहिलो रे.

पोरगा : म्हणजे दुप्पट कडक. तुमचे चार मग म्हणजे जुने आठ! अहो बाबा, सुटलात तुम्ही! गोणी नेऊन आपटा त्यांच्या टेबलावर.

बाबा : हो ना? सुटलोच ना? एवढंच सांगायचं, चार मगच टाकले, माल दुप्पट होता. बस. आण ती वही.

पोरगा : आणि हे काय खोडलंय?

बाबा : कुठं?

पोरगा : इथं खाली. पानाला भोक पडलंय. मागच्या पानावर पण. त्याच्या मागच्या पण. एक, दोन… पाच पानं. वरच्या ओळी कशा मोत्यासारख्या, आणि शेवटची आली की खोडरबर.

बाबा : शेवटी शेवटी दमतो मी. वय झालं.

पोरगा : दर वेळी त्याच ओळीला?

बाबा : गणित कच्चं आहे माझं, सांगितलं ना!

पोरगा : कच्चा माणूस वेगवेगळ्या ठिकाणी चुकतो, बाबा. मी चुकलोय, मला माहितेय. मास्तरांनी फोडून काढलंय त्यासाठी. एकाच जागी चुकतो तो चोर. काय होतं इथं? थांबा, वरून बघतो. 'चार जुने मग, पाण्याचा आकडा तीन.' हा तीन कसला?

बाबा : पाण्यात क्लोरीन किती उतरलं त्याचा आकडा. रोज तीनच्या आसपास येतो. दे वही.

पोरगा : 'आठ जुने मग, आकडा सहा.' बरोबर. 'तपासणीवाल्यांनी त्या दिवशी बाटली भरून नेली, त्यात आकडा' आणि पुढं भोक. किती आला होता?

बाबा : आठवत नाही.

आई : बारा. कागद आला होता घरी. डब्याखाली ठेवलाय.

पोरगा : बारा? सहा नाही?

बाबा : यंत्रं पण चुकतात रे.

पोरगा : चाराला तीन, आठाला सहा, मग बाराच्या आकड्याला सोळा. सोळा जुने मग. नवी पावडर दुप्पट, म्हणजे नव्या पावडरीचे… बाबा?

बाबा : अडीच वाजले बघ.

पोरगा : बाबा, तुम्ही चार मग टाकलेत की आठ?

बाबा : चार.

पोरगा : माझ्याकडे बघून सांगा.

बाबा : तू कोण रे मला जाब विचारणारा? शाळेतून पळालेला! घरातून पळालेला! तू माझी उलटतपासणी घेणार?

आई : पाच चाळीसला मी फोन केला होता यांना.

बाबा : तू मध्ये पडू नकोस.

आई : पडले त्या दिवशीच. रडत रडत केला होता. पोरगा पिशवी भरून गेला, म्हणतो परत तोंड दाखवणार नाही, काहीतरी करा. तलाव सहाला उघडतो. मी तेव्हापासून रोज हा हिशेब करतेय आणि गप्प बसतेय.

पोरगा : त्याच दिवशी? तो तोच दिवस होता?

आई : तू दुपारी आलास, जेवून झोपलास. तलावावर काय झालं ते तुला दोन दिवसांनी कळलं.

पोरगा : बाबा.

बाबा : काही बाबाबिबा नको. फोन आला, मी गेटकडे धावलो. स्टँडवरच्या रिक्षावाल्याला फोन लावला, म्हटलं, लांब केसांचा पोरगा दिसला तर धरून ठेव. परत आलो तर बादली रिकामी. मला वाटलं, अरे, पावडर टाकायचीच राहिली. घाईघाईनं टाकली. रिकामी बादली म्हणजे काम होऊन गेलंय, असंही असतं, हे डोक्यातच आलं नाही.

पोरगा : म्हणजे माहीत होतं तुम्हाला.

बाबा : नव्हतं! तुझी शपथ. धूसर होतं सगळं. वाटायचं दोनदा, वाटायचं एकदाच. म्हणून तर गेलो शिकायला. म्हटलं, मला आठवत नाही तर गणित सांगेल. आणि ते सांगायला लागलं की मी खोडायचो. पाच वेळा खोडलं. बाई? नुसतं नवीन पान उघडून द्यायच्या.

पोरगा : ऐका माझं. तिथं कुणाला येतंय एवढं? मॅनेजर कॅल्क्युलेटरशिवाय चिल्लर देत नाही. गोणी दाखवा, सत्तर दाखवा, दुप्पट झालं म्हणा. कोण विचारणार बारा का आले? त्यांनी ढीगभर गोण्या लपवल्या. तुम्ही एक ओळ लपवा.

बाबा : हेच ठरवून उठलो होतो सकाळी.

पोरगा : मग तेच करा! नोकरी जाईल हो. आणि सगळं तुमच्या एकट्याच्या माथी मारतील. त्यांना काय, हवंच आहे.

आई : मावशी येणार आहे का चारला?

बाबा : येणार आहे. मुलाचा हात धरून येईल. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे.

आई : शर्ट झाला.

पोरगा : आई, तू तरी सांग ना यांना!

आई : काय सांगू? गणित तूच मांडलंस.

पोरगा : मग मी येतो बरोबर. फोनचं मी सांगतो. माझ्यामुळं झालं म्हणून सांगतो.

बाबा : खबरदार! फोनचं नाव काढायचं नाही. बापाला पोराची काळजी वाटते म्हणून जगात कुणी दोनदा पावडर टाकत नाही. बादली मी उचलली होती. आणि गोणी त्यांनी बदलली होती, तेही सोडणार नाही मी. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. पेन आहे?

पोरगा : आहे. पण बाबा—

बाबा : भोकाच्या खाली लिहितो. सोळा भागिले दोन. किती रे?

पोरगा : तुम्हाला येतं.

बाबा : येतं. आठ. बघ, वळणदार आला का?

पोरगा : आला.

बाबा : आण वही. फाडू नकोस ते पान, अख्खीच नेतो. शर्ट दे गं. तीन वाजत आले, मला निघायला हवं आता.