बांधलेलं बटण

माझं माहेर परभणीकडचं, लहान गाव आहे, तिथं मी सातवीपर्यंत शिकले, आणि लग्न होऊन चाकणला आले तेव्हा मला वाटलं होतं शहर असेल, तर निघाल्या नुसत्या कंपन्या आणि मधेमधे भाड्याच्या खोल्या. आमच्या दोन खोल्या. एकीत आम्ही नवरा-बायको आणि मुलगी, दुसरीत सासूबाई आणि धाकटे दीर संतोष. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या दोन खोल्यांतच अडकलंय.

मला कामाला लावलं ते संतोषभाऊजींनीच. पत्र्याचे भाग ठोकायची कंपनी, ते तिथं सेटर, म्हणजे प्रेस मशीन लावून देणारे, आणि मी मशीनवर. आता प्रेसला दोन बटणं असतात, काय सांगू तुम्हाला, लई साधी गोष्ट आहे, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण असं करत बसलं तर टार्गेट निघत नाही. म्हणून एक बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून दाबूनच बांधायचं, एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण मारायचं. बांधायचं काम सेटरचं. सुपरवायझर नुसतं म्हणायचे, संतोष, बघ काहीतरी. एवढंच. बांध असं त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही.

एकदा पत्रा आत अडकला, मी डाव्या हातानं काढायला गेले आणि उजव्यानं सवयीनं बटण मारलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. भाऊजीच धावत आले, स्वतःच्या रुमालात हात गुंडाळला, रिक्षात सगळ्या रस्त्यानं एकच, वहिनी माझ्यामुळं, वहिनी माझ्यामुळं. मी म्हटलं गप बसा आणि हात वर धरा.

मग लोक यायला लागले. आमच्या चाळीत अर्धे म्हणायचे पोलिसात द्या, आत बसल्याशिवाय माणसाला अक्कल येत नाही, अर्धे म्हणायचे घरचं माणूस आहे, सोडून द्या. सासूबाई नुसत्या माझ्याकडं बघायच्या, ते जास्त जड. दोन्हीकडचे लोक माझ्या दारात चहा पिऊन गेले, आणि कप मीच धुतले, एका हातानं.

कंपनीत एचआरच्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, सेटरनं परस्पर बटण बांधलं असं लिहून द्या, आम्ही त्याला काढतो. मी म्हटलं लिहिते, आणि खाली हेपण लिहिते, की बघ काहीतरी असं कोण म्हणायचं. साहेबांनी पेन परत घेतला. मग म्हणतात, बाई, तसं बघितलं तर बटण तुमच्याच हातानं दाबलंय. मी म्हटलं, मग उजव्या हाताला शिक्षा द्या साहेब, फक्त आता तोच एक धड उरलाय.

भाऊजींना काढलंच. ते ठेकेदाराकडून लागलेले, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. मला पॅकिंगला बसवलं, उपकार केल्यासारखं. आणि नवा सेटर आला, थोडे दिवस गेले, तर त्याच मशीनवर तीच ट्यूबची पट्टी. मी पॅकिंगमधून उठून गेले, मशीनवरच्या पोरीला म्हटलं, बाई, हे सोडून घे. ती म्हणते, मावशी, जागेवर जा, टार्गेट काय तुम्ही काढून देणार का. मला कुणी विचारलंच नाही की तुला काय पाहिजे. मला ती पट्टी निघायला पाहिजे होती. आणि ही नोकरी सोडावी म्हटलं तर ह्या हाताला दुसरीकडं कोण घेणार.

भाऊजी आता तळवड्याला एका छोट्या वर्कशॉपला जातात. सेटरच. दुसरं येतं काय त्यांना. मला आता नीट पीठ मळता येत नाही, दोन बोटांच्या जागेतून निसटतं, तर संध्याकाळी आले की परात ओढून तेच मळतात. शेजारचे हसतात, सुनबाई म्हणतात त्यांना. हसू दे. एकदा मळता मळता म्हणाले, वहिनी, माफ केलं म्हणा, नाहीतर दोन कानाखाली द्या, काहीतरी एक करा. मी म्हटलं, दोन्हीनं तुम्ही मोकळे व्हाल भाऊजी. मग मी मोकळी व्हायला कुठं जाऊ?

मी रोज एवढंच विचारते, आज बांधलं का. कधी म्हणतात, नाही. कधी नुसतं खाली मान घालून पीठ मळत राहतात, गरजेपेक्षा जास्त मळतात. मग मला कळतं, तिकडं तळवड्यात कुणी बाई एका बटणावर बसलीय. मी तिला बघितलेलं नाही, नाव माहीत नाही. तवा ठेवते आणि मनात म्हणते, घरी पोचू दे तिला. दोन्ही हात घेऊन पोचू दे, बास.