शांत टायर

ओउलू शहरातल्या टायरच्या दुकानात हिवाळी टायर बसवायला रांग लागली होती: बर्फावर पकड घेणारे खिळेवाले, नाहीतर बिनखिळ्यांचे. माझ्यापुढे इल्पो आणि त्याची बायको मार्केता होते.

"खिळेवाले नकोत," इल्पो म्हणाला. " गाडीत गिरणी चालल्यासारखं वाटतं."

"खरंय, बिनखिळ्यांचे शांत असतात. जानेवारीत घसरून चरात उलटलो, तेव्हा केवढी शांतता होती!"

"तो बर्फाचा दोष."

"हो ना, फिनलंडमध्ये बर्फ पडेल असं कुणाला वाटलं होतं?"

"खिळ्यांच्या आवाजात रेडिओवर हॉकी ऐकू येत नाही, मार्केता."

"मागच्या सीटवरून मुलींच्या किंकाळ्या मात्र छान ऐकू आल्या."

इल्पो दुकानदाराला म्हणाला, "खिळेवालेच बसवा. चारही."

"आणि तुझी हॉकी?"

"घरी पोचल्यावर निकाल कळेलच."

"तेवढंच म्हणतेय मी. घरी पोचल्यावर."