लाल खुणेवरचा काटा

इंद्रपुरीतल्या पॅथॉलॉजीत माझ्या मागच्या बाकावर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फोरमन आणि त्यांची बायको बसली होती.

"मी पुन्हा रक्त देणार नाही. यांचं मशीनच खराब आहे."

"दोन लॅबची दोन मशिनं एकदम खराब झाली?"

"होतात. मला काय धाड भरलीय? रोज चार जिने चढतो. आणि तो कालचा छोकरा सांगतो, रक्तात कसलंसं प्रोटीन वाढलंय."

"छोकरा नाही, डॉक्टर आहे. त्या प्रोटीनवरूनच आजार कळतो आणि त्यालाच रोखणारं औषध आहे म्हणाला."

"वा. म्हणजे खबर देणाऱ्यालाच पकडायचं. काय अक्कल आहे."

"अकलेचं राहू द्या. कारखान्यात बेअरिंग किती तापलं ते दाखवणारा काटा लाल खुणेवर गेला, तेव्हा तुमच्या हाताखालचा दिगंबर काय म्हणाला होता?"

"मीटर खराब आहे म्हणाला. गाढव."

"मशीन तर छान चालतंय, आवाजसुद्धा नाही, असंही म्हणाला होता ना?"

"आवाज यायच्या आधी काटा हलतो, म्हणून तर तो बसवलेला असतो. सगळ्या शिफ्टसमोर झापलं त्याला. मशीन बंद करून उघडायला लावलं, तर आत बेअरिंग पार झिजून..."

"बोला की. का थांबलात?"

"कळलं, कळलं."

"बाही वर करा."